झरा फुटतो कुठून?

मी पोहायला शिकलो विहिरीत. पाठीला वाळका भोपळा बांधला, काकांनी काठावरून ढकललं, दोन घोट नाकातोंडात गेले आणि शिकवणी सुरू झाली. त्या विहिरीच्या एका कोपऱ्यात पाय खाली सोडला की अंगठ्याला एकदम गार पाणी लागायचं. ‘तिथं झरा आहे,’ असं आजोबा म्हणायचे. दाखवा म्हटलं की हसायचे. पुढे तळ गाठून मूठभर गाळ वर आणण्याइतका दम आला, तरी झरा काही दिसला नाही. खाली हिरवट अंधार, कानांत दडे आणि छातीतला श्वास संपत आलेला.

झरा मी डोळ्यांनी पाहिला तो पंचवीसेक वर्षांनी, अमेरिकेत, टेक्ससच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात. पाठीवर भोपळ्याच्या जागी हवेचा सिलिंडर होता. साडेसात मीटर खाली तळाची वाळू रटरटत होती. पिठलं शिजत आलं की मध्येच एखादी जागा फुगते, फुटते आणि शेजारची फुगायला लागते, अगदी तसं. फक्त वाफ नाही, बुडबुडे नाहीत, आवाजही नाही. त्यावर तळहात धरला तर खालून कुणीतरी हलकेच ढकलतंय असं वाटतं आणि वाळूचे कण बोटांमधून वर उडत राहतात. मराठीत याला फार नेमका शब्द आहे: उमाळा.

या जागेचं नाव सॅन सॉलोमन स्प्रिंग्ज. डेव्हिस डोंगररांगेच्या पायथ्याशी बालमोरे नावाचं छोटंसं गाव आहे, त्याच्या जवळच्या सरकारी उद्यानात हे कुंड आहे. (बालमोरे हे नाव ऐकायला स्पॅनिश वाटतं, पण ते बाल्कम, मूर आणि ऱ्हे या आडनावांची मोळी बांधून तयार केलेलं आहे.) १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांना काम देण्यासाठी सरकारने जी दलं उभी केली होती, त्यांतल्या मुलांनी झऱ्याभोवती दगड-काँक्रीटचा काठ बांधला. मधोमध गोल, खोल भाग आणि त्याला दोन बाजूंना उथळ फाटे. खोल भागाचा तळ मात्र त्यांनी तसाच राहू दिला, वाळूचा आणि दगडांचा. कुंडाचं क्षेत्र १.३ एकर, म्हणजे आपले ५२ गुंठे. सगळ्यात खोल जागा २५ फूट.

अशा ठिकाणी सिलिंडर घेऊन उतरायचं तर काय काय समजून घ्यावं लागतं, ते सांगायला हा लेख. समुद्रातलं स्कूबा बऱ्याच जणांनी निदान मालवणला तरी केलेलं असतं. गोड्या पाण्याच्या झऱ्यात गणित थोडं बदलतं. का बदलतं, याची बहुतेक उत्तरं एकाच प्रश्नात आहेत: हे पाणी इथवर आलं कसं?

वाळवंटात एवढं पाणी?

या भागात वर्षाला साधारण ३५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण-आटपाडीसारखाच दुष्काळी मुलूख. आणि या कुंडातून रोज सुमारे दीड कोटी गॅलन पाणी वाहतं. लिटरमध्ये पावणेसहा कोटी. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून टँकरच्या भाषेत सांगतो. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर दर पंधरा सेकंदांनी एक टँकर, दिवसरात्र, बारा महिने.

आपल्याकडे असं का होत नाही, याचं कारण खडकात आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्यात पाणी मावतं ते भेगांमध्ये आणि वरच्या कुजलेल्या मुरुमात. म्हणून आपला झरा बोटाएवढा असतो आणि उन्हाळ्यात दमतो. पश्चिम टेक्ससमध्ये जमिनीखाली चुनखडीचे जाड थर आहेत. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आंबट होतं, सोडावॉटर असतं तसं, फक्त फार फार सौम्य. चुनखडी या आंबटपणात विरघळते. एका पावसाने काहीच होत नाही, पण लाखो वर्षं तेच पाणी त्याच भेगेतून जात राहिलं तर भेगेची फट होते, फटीची नळी आणि नळीचा बोगदा. अशा खडकाखाली पाणी झिरपत नाही, वाहतं.

सॅन सॉलोमनचं बरंचसं पाणी पश्चिमेकडच्या डोंगरांखालून, दूरवरून येतं. त्यातलं काही तर हजारो वर्षांपूर्वीच्या, आजच्यापेक्षा ओल्या काळातल्या पावसाचं आहे. त्यात जवळच्या डेव्हिस डोंगरांवरच्या वळवासारख्या पावसाची भर पडते. वाटेत पाणी न झिरपणारे थर आडवे येतात, पाणी कोंडतं, दाब वाढतो आणि वाट मिळेल तिथे ते वर उसळतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जोरात येतं, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की इथली टाकी डोंगराएवढी आहे आणि नळ बंद करता येत नाही.

हे लक्षात आलं की कुंडातल्या दोन गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. पहिली म्हणजे पाण्याचा नितळपणा. लोक म्हणतात, खडकाने पाणी गाळलंय. ते अर्धंच खरं. चुनखडीचे बोगदे काही गाळणीचं फडकं नव्हेत. खरी गोष्ट अशी की जमिनीखाली अंधार असतो. ऊन नाही म्हणून शेवाळ नाही, शेवाळ नाही म्हणून आपल्या विहिरीसारखा हिरवा रंग नाही. वर आल्यावर त्याला ऊन मिळतं खरं, पण कुंडात मावतं ३५ लाख गॅलन आणि रोज वाहून जातं दीड कोटी. म्हणजे दिवसातून चार वेळा कुंडातलं पाणी बदलतं. शेवाळाला गढूळपणा करायला सवडच मिळत नाही, आणि म्हणून क्लोरीनही टाकावं लागत नाही.

दुसरी गोष्ट तापमान. उन्हाळ्यात बाहेर ४० अंश असोत की डिसेंबरात दवबिंदू गोठलेले असोत, पाणी २२ ते २४ अंशांवर ठाम. खोल जमिनीला ऋतू कळत नाहीत. थंडीच्या सकाळी कुंडावर वाफ तरंगते आणि लोक त्याला गरम पाण्याचा झरा समजतात, तसं काही नसतं. आपल्या विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं, तीच गंमत. पण २३ अंश म्हणजे मजेत डुंबता येईल, असं समजून नुसत्या चड्डीवर सिलिंडर लावू नका. पाणी अंगातली उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. पोहताना हातपाय चालू असतात, डायव्हर मात्र शक्य तितका शांत तरंगत असतो. अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, हवाच.

शिशाचं गणित, आणि माझी फजिती

स्कूबाचं सगळं कसब तरंगणं आणि बुडणं यांच्या मधोमध राहण्यात आहे. ना वर, ना खाली. नुसता मासा. वेटसूटमध्ये हवेचे सूक्ष्म फुगे असतात, त्यामुळे तो माणसाला वर ढकलतो. त्याला उतारा म्हणून कमरेला शिशाची वजनं लावतात.

मी स्कूबा शिकलो कोकणच्या समुद्रात. तिथे मला सहा किलो शिसं लागायचं. तो आकडा डोक्यात पक्का बसला होता, वहीतही तोच लिहिलेला. सॅन सॉलोमनला पहिल्या दिवशी तोच लावला, तरंगायला हवा भरतात त्या जॅकेटमधली हवा सोडली आणि जातं टाकल्यासारखा तळाला गेलो. गुडघे वाळूत. गाळाचा ढग उठला आणि त्या आरशासारख्या पाण्यात माझ्याभोवती दोन मीटरचा चहा तयार झाला. पाण्याखाली बोलता येत नाही, पण जोडीदाराने मास्कमधून जे बघितलं त्याला मराठीत शब्द आहेत, ते इथे लिहीत नाही.

चूक कुठे झाली? खाऱ्या पाण्याचं एक लिटर साधारण १.०२५ किलो भरतं, गोड्याचं एक किलो. बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलतं ते तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं. मी, सिलिंडर, जॅकेट, शिसं असं सगळं मिळून वजन शंभर किलो धरा. समुद्रात माझा तोल बरोबर जमलेला होता, याचा अर्थ मी शंभर किलो खारं पाणी बाजूला सारत होतो, म्हणजे जवळपास ९८ लिटर. तेवढ्याच आकाराचं गोडं पाणी भरतं ९८ किलोच्याही किंचित खाली. म्हणजे वर ढकलणारा जोर सुमारे अडीच किलोने कमी झाला आणि तेवढं शिसं मी उगाच वाहून नेत होतो.

जॅकेटमध्ये जास्त हवा भरली की भागेल, असं वाटतं. भागतं, पण वाईट पद्धतीने. जॅकेटातली हवा खोलीप्रमाणे आकार बदलते. जरा वर गेलात की ती फुगते आणि आणखी वर नेते, जरा खाली गेलात की आक्रसते आणि आणखी खाली नेते. जितकी जास्त हवा, तितका हा झोपाळा मोठा. आणि झोपाळा सर्वांत जोरात हलतो तो उथळ पाण्यात. इथेच नवशिके फसतात. वीस मीटरवर एक मीटर इकडेतिकडे झालं तर हवेच्या आकारात फारसा फरक पडत नाही. तीन मीटरवर पडतो. म्हणून ‘पंचवीस फूट तर आहे, त्यात काय’ म्हणणाऱ्याला या कुंडात उतरवून मी मजा बघत बसतो. खोल समुद्रात सहज तरंगणारी माणसं इथे जिना चढल्यासारखी वरखाली होत असतात.

श्वास रोखू नका, पण विहिरीत तर रोखायचो!

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विहिरीत शिकलेल्या माणसाची सवयच इथे त्याच्या जिवावर उठू शकते.

आधी एक जुना प्रयोग आठवू. लहानपणी आम्ही पपईचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली बसायचो. वीतभर खाली जमायचं. हातभर खाली गेलं की छाती फुगायचीच नाही. वाटायचं, देठ चोंदला. देठ मोकळाच असायचा. मीटरभर खोलीवर छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा १०० ग्रॅमचा भार पडतो, आणि देठातून येणारी हवा असते वरच्या, हलक्या दाबाची. फासळ्यांचे स्नायू तो भार उचलू शकत नाहीत. लांब नळी वापरून खोल जाता येत नाही ते यामुळे. स्कूबाची सगळी करामत तोंडातल्या रेग्युलेटरमध्ये आहे. तुम्ही जितके खोल असाल, बरोबर तितक्या दाबाची हवा तो पुरवतो. छाती बाहेरून दाबली जाते, तितकीच आतून भरली जाते, आणि श्वास अगदी पाटावर बसून घ्यावा तसा सहज येतो. (सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो हा आणखी एक गैरसमज. ती आपली साधी, कोरडी केलेली, दाबून भरलेली हवा असते.)

आता सूर मारणाऱ्या मुलाचा हिशोब करू. काठावर त्याने छातीत पाच लिटर हवा भरून घेतली. साडेसात मीटरवर पाण्याच्या दाबाने ती आवळून तीन लिटरच्या आत आली. गाळाची मूठ घेऊन तो वर आला की हवा पुन्हा पाच लिटर. श्वास रोखला तरी काही बिघडत नाही, कारण जेवढी घेतली होती तेवढीच परत झाली.

डायव्हर मात्र ते पाच लिटर तळाशी असताना, तिथल्या दाबाची हवा म्हणून घेतो. श्वास रोखून तो वर आला, तर त्या हवेचे नऊ लिटर होऊ पाहतात. छातीत जागा पाचची. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी साडेसात मीटरही लागत नाहीत. छाती पूर्ण भरलेली असेल तर सव्वा मीटर वर येणंही इजा करू शकतं. शिक्षक पहिल्या दिवशी एकच वाक्य घोकून घेतात ते याचसाठी: श्वास चालू ठेवा, काहीही झालं तरी चालू ठेवा. घाबरल्यावर श्वास धरून वर झेप घ्यायची, ही विहिरीची सवय मोडायला मला आठवडा लागला. दुसऱ्या सवयी मोडल्या नाहीत, पण त्या पाण्याबाहेरच्या आहेत.

सिलिंडर किती वेळ पुरतो, हे त्याच हिशोबाचं शेपूट. नेहमीच्या सिलिंडरात सुमारे २२०० लिटर हवा मावते. तिचा पाव हिस्सा राखीव ठेवायचा. शांत माणूस काठावर मिनिटाला वीसेक लिटर हवा घेतो. कुंडाच्या तळाशी ती दाबलेली असल्याने तेवढ्याच श्वासांना मिनिटाला ३३ लिटर लागतात. म्हणजे पन्नास मिनिटं. धापा टाकणाऱ्याची निम्मी.

संध्याकाळी तारे बघायला जायचंय?

बालमोरेला आलेला पाहुणा सहसा दोन गोष्टी करतो. दिवसा कुंडात डुंबतो आणि रात्री डेव्हिस डोंगरांतल्या मॅकडोनाल्ड वेधशाळेत तारे बघायला जातो. रस्ता सुंदर आहे, तास-सव्वा तासाचा. पोहणाऱ्याने जावं. डायव्हरने त्याच दिवशी जाऊ नये, निदान हिशोब केल्याशिवाय नाही.

दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन जास्त प्रमाणात रक्तात आणि चरबीत विरघळतो. सोड्याच्या बाटलीत वायू विरघळलेला असतो, तसा. झाकण हळू उघडलं तर तो निमूट निघून जातो, फटकन उघडलं तर फसफसतो. सांध्यांत आणि नसांमध्ये असं फसफसणं म्हणजे डायव्हरांचा जुना आजार, बेंड्स. म्हणून वर सावकाश यायचं आणि पाण्याबाहेर आल्यावरही उंचावर जायची घाई करायची नाही. विमानासाठी साधा नियम असा: एक बुडी असेल तर बारा तास, जास्त असतील तर अठरा तास थांबा.

पण डोंगरही उंचावरच असतो, हे लोक विसरतात. कुंड आहे समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवर. वेधशाळा २०७० मीटरवर, म्हणजे कळसूबाईपेक्षाही चारशे मीटर उंच. गाडी वळणं घेत चढत असते, हवेचा दाब कमी होत असतो आणि बाटलीचं झाकण हळूहळू सैल होत असतं. सात मीटरवरच्या एका बुडीनंतर धोका फार मोठा नसतो, हे खरं. पण सकाळपासून चार वेळा उतरलेला माणूस वेगळ्या हिशोबात येतो. शिवाय हजार मीटरवरचं कुंड हे स्वतःच डायव्हरांच्या लेखी उंचावरचं पाणी आहे. तीनशे मीटरच्या वर बुडीच्या वेळेची कोष्टकं आणि मनगटावरचा कॉम्प्युटर उंचीप्रमाणे लावून घ्यावा लागतो. तारे आदल्या रात्री बघा आणि मग पाण्यात उतरा. सोपा उपाय आहे.

गुहेचं तोंड

सॅन सॉलोमनला पाणी वाळू आणि दगडगोट्यांतून वर येतं. माणूस आत शिरेल असं भोक नाही. नवशिक्यांसाठी ही जागा बरी, असं मी म्हणतो ते यामुळेच. डोक्यावर नेहमी आकाश असतं. सगळे झरे असे नसतात. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता रोझा गावी, जुन्या ६६ नंबरच्या महामार्गालगत ब्ल्यू होल नावाचं झऱ्याचं कुंड आहे. तोंड अठरा मीटर रुंद, खोली पंचवीस मीटर, पाणी सोळा अंश, आणि तळाशी गुहेची वाट. १९७६ मध्ये त्या वाटेने आत गेलेले दोन तरुण डायव्हर परत आले नाहीत. तेव्हापासून त्या तोंडावर लोखंडी जाळी आहे.

गुहेत माणूस का मरतो, तर पाण्यामुळे नाही, छतामुळे. बाहेर काही बिघडलं तर वर जायचा रस्ता असतो. आत वर दगड. त्यात फिनचा, म्हणजे पायांत घातलेल्या वल्ह्याचा, एक चुकीचा फटका बसला की तळाचा मऊ गाळ उठतो आणि जे पाणी काचेसारखं होतं त्यात स्वतःचा हात दिसेनासा होतो. मी वाळूत गुडघे टेकून केलेला चहा आठवा, आणि तो बोगद्यात करून बघा. गुहेत जाणारे लोक म्हणून वेगळं शिक्षण घेतात, बाहेरपासून अखंड दोरी ओढत नेतात आणि हवेचे तीन वाटे करतात: एक जायला, एक यायला, एक संकटासाठी. फ्लोरिडातल्या झऱ्यांच्या गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली पाट्या लावलेल्या आहेत, त्यांवर कोयता घेतलेला मृत्यू काढलेला आहे आणि मजकूर साधारण असा आहे की या गुहेत जीव द्यावा असं काहीही नाही. इतकी नेमकी सरकारी पाटी मी दुसरी पाहिलेली नाही. सरकारी नसेलही, म्हणूनच नेमकी असेल.

बालमोरेच्याच परिसरात, काही किलोमीटरवर, फँटम लेक नावाचा झरा आहे. तिथे मात्र गुहा आहे. तरबेज गुहा-डायव्हरांनी २०१३ मध्ये ती ४६२ फुटांपर्यंत, म्हणजे १४० मीटर खोल मोजली. वाळवंटातल्या झुडपांखाली चाळीस मजली इमारत मावेल एवढी खोल पाण्याची वाट आहे, हे त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं. पण फँटम लेकची दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. हा झरा गेल्या शतकाच्या अखेरीस आटला. गुहेत पाणी आहे, पण तोंडापर्यंत चढत नाही. तिथल्या दुर्मीळ माशांसाठी आता पंपाने पाणी उपसून वर सोडावं लागतं.

शेजाऱ्याची मोटार

कुंडात सर्वांत आधी भेटायला येतात ते मासे. मेक्सिकन टेट्रा पायांची बोटं टोचतात, कॅटफिश खडकांच्या सावलीत पडून असतात. पण खरे मालक दोन. एक पेकोस गँबुझिया, आपल्याकडे डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं टाक्यांमध्ये सोडतं त्या गप्पीच्याच कुळातला. दुसरा कोमान्ची स्प्रिंग्ज पपफिश. जेमतेम दोन इंचांचा. कुत्र्याच्या पिल्लांसारखे हे एकमेकांच्या मागे धावत असतात म्हणून पपफिश. नर वाळूतला पाटाएवढा तुकडा आपला मानतो आणि त्यावरून सगळ्यांना हुसकावतो. मी त्याच्या हद्दीत हात ठेवला तर तो माझ्या हातमोज्यावर चाल करून आला. पाण्याखाली वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, तरी तो बोटाएवढाच दिसला.

दोन्ही मासे अमेरिकेच्या नामशेष होऊ घातलेल्या जातींच्या यादीत आहेत. आणि पपफिशच्या नावातलं कोमान्ची स्प्रिंग्ज हे ठिकाण बालमोरेत नाही. ते आहे पूर्वेला ऐंशीएक किलोमीटरवर, फोर्ट स्टॉक्टन गावात.

तिथलेही झरे एके काळी असेच उसळायचे, याहूनही मोठे. त्यांच्या पाटावर कित्येक शेतकऱ्यांचं पिकत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर गावाच्या वरच्या अंगाला मोठ्या पंपांच्या विहिरी झाल्या आणि झरे खाली बसू लागले. खालचे शेतकरी कोर्टात गेले. १९५४ मध्ये निकाल लागला तो पंपवाल्यांच्या बाजूने. टेक्ससमध्ये १९०४ पासून तत्त्व असं होतं की आपल्या जमिनीखालचं पाणी ज्याचं त्याने हवं तेवढं उपसावं, शेजाऱ्याचा झरा आटला तरी हरकत नाही. तिकडे गमतीने म्हणतात, ज्याचा पंप मोठा त्याचा कायदा. आपल्याला हसायला जागा नाही. आपल्या १८८२ च्या ईझमेंट कायद्यातही जमिनीखालच्या, ठरावीक पात्र नसलेल्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क असाच मानलेला आहे. शेजाऱ्याने आणखी शंभर फूट खाली बोअर मारली आणि आमच्या विहिरीच्या त्या कोपऱ्यातला गारवा गेला, तेव्हा आजोबांनी कुणाकडे जायचं होतं?

१९६१ पर्यंत कोमान्ची स्प्रिंग्ज आटले. पपफिश तिथून संपले. बालमोरेच्या झऱ्यांमध्ये आणि पाटांमध्ये जे उरले तेच आज आहेत. त्यांच्यासाठी उद्यानात कुंडाच्या शेजारी पूर्वीसारखी पाणथळ जागा पुन्हा तयार केली आहे. काचेतून तिच्या पोटात डोकावता येतं, उतरायची परवानगी नाही.

फोर्ट स्टॉक्टनला मी एकदा मुद्दाम थांबलो. झऱ्याच्या जागेवर पोहण्याचा तलाव आहे, छान निळा रंगवलेला, नळाच्या पाण्याचा. दर उन्हाळ्यात गावाचा जलोत्सव अजूनही तिथेच भरतो. १९८६ नंतर अधूनमधून एखाद्या हिवाळ्यात खडकातून पुन्हा पाणी यायला लागलं आहे. हिवाळ्यातच का? कारण तेव्हा शेतांना पाणी लागत नाही आणि मोटारी बंद असतात. वसंतात त्या सुरू झाल्या की पाणी परत खाली जातं.